माळ आणि पाचवं शील

बदलापूरच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या चालकाने माझ्या धाकट्या भावाला फसवलं. त्याआधी मला फसवलं, आणि मी सहजासहजी फसणारी बाई नव्हते.

उल्हासनगरात कटपीस कापडाचा धंदा मी फुटपाथपासून उभा केला. गठ्ठा सोडून एकेक तुकडा उजेडात धरल्याशिवाय माल उचलला नाही. दुकानदार म्हणायचे, "हिने नवराही असाच पारखून घेतला असेल." आणि केंद्रात मात्र मी नुसत्या शब्दावर भागवलं.

भाऊ अंबरनाथला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो सकाळपासून प्यायला लागला. भरती करताना मी चालकाला सांगितलं, "आम्ही बौद्ध. देवापुढे शपथ, गळ्यात माळ आमच्यात चालत नाही. दारूला शिवायचं नाही, हे आमचं पाचवं शीलच आहे. तेच त्याच्याकडून रोज म्हणवून घ्या."

"बाई, इथे सगळे सारखे," तो म्हणाला. मी मान डोलावली.

नवव्या दिवशी निरोप आला, पेशंट घेऊन जा. भाऊ फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभा. कित्येक महिन्यांनी त्याचे हात थरथरत नव्हते. त्याच्याकडून कळलं, सकाळी सगळ्यांना ओळीत बसवून तुळशीच्या माळा घातल्या होत्या, तसबिरीपुढे शपथ घ्यायला लावली होती. याने माळ काढून परत दिली. म्हणाला, मी शील म्हणतो. ओळीतले हसले.

मी आत जाऊन भांडले. चालक शांतपणे म्हणाला, "दारू सुटेल हो, तुमच्या लोकांची अकड कशी सुटायची?"

त्याचा राग मी बाहेर येऊन भावावर काढला. "घातली असतीस माळ, तर काय झिजला असतास?"

"आक्का, बौद्ध झाल्यावर बापाने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. दारूपायी मी एक परत आणू?"

मी आणखी ओरडले. तो पुढे चालत गेला. संध्याकाळी पिऊन घरी आला. पुढच्या पावसाळ्यात काविळीने गेला.

माझ्या ओरडण्याचा जाब मी स्वतःला देते, रोज देते. चालकाने स्वतःच्या वागण्याचा द्यावा. नऊ दिवस थेंबाला न शिवलेल्या माणसाला फाटकाबाहेर का काढलं? दारू सोडवायची होती, की आम्हाला वाकवायचं होतं? माझ्यासमोर उभं राहून सांगावं.