माथ्यावरचा संडास

नोटबुर्गा किर्शेब्नरला सारं खोरं बुर्गल म्हणायचं. उन्हाळाभर ती कुरणात गाई राखायची आणि बर्फ पडलं की स्कीच्या लिफ्टवर कामाला लागायची. टिरोलच्या त्या खोऱ्यात निम्म्या लोकांचं असंच चालायचं. दोन्ही कामं सारखीच, बुर्गल म्हणायची, फक्त गाई सांगितलेलं ऐकतात.

तिची नेमणूक अगदी माथ्यावर. दोरावरून खुर्च्या वर यायच्या, पाहुणे उतरायचे. कोणी धडपडलं की लिफ्ट थांबवायची, "पाय उचला बाई, पाय! दोन्ही!" असं ओरडायचं, बखोटीला धरून माणूस बाजूला करायचा आणि पुन्हा बटण दाबायचं. बसायला फळ्यांची खोपटी. आत एक स्टूल आणि एक विजेची शेगडी. शेगडीनं गुडघे भाजायचे, पाठ मात्र गारठलेलीच. जेवण खालून खुर्चीत बसून यायचं, निम्मं सूप वाटेत सांडून. हे सगळं बुर्गलनं चालवून घेतलं होतं. एक गोष्ट मात्र चालवून घेता येत नव्हती. वर संडास नव्हता.

पुरुषमंडळींचं भागायचं. बुर्गल सकाळच्या कॉफीनंतर लिफ्ट बंद होईपर्यंत पाण्याला शिवायची नाही. अगदीच अडलं तर खोपटीमागे एक खुरटं झाड होतं.

दरवर्षी करारावर सही करताना ती लिफ्ट कंपनीच्या डायरेक्टर प्रांटलसमोर विषय काढायची.

"साहेब, संडासाचं काय झालं?"

"बुर्गल, अगं काय देखावा आहे तुझ्या वाट्याला! लोक पैसे मोजतात त्यासाठी."

"देखाव्याच्या आडोशाला बसता येत नाही, साहेब."

प्रांटल मनापासून हसायचा आणि पेन पुढे सरकवायचा.

खाली ती त्याला अहो-जाहो करायची. वर मात्र डोंगराची रीत: गाव पायाखाली राहिलं की पाहुणे सोडून सगळे अरे-तुरे, मग तो साहेब असो की गुराखी.

एका फेब्रुवारीत प्रांटल बँकेच्या झांगर्लबाईंना घेऊन वर आला. माथ्यावर काचेची गच्ची बांधायची होती, तिथे पाहुणे शॅम्पेन पिणार होते, आणि त्यासाठी कर्ज हवं होतं. तो हातवारे करून गच्ची दाखवत असतानाच वारा उठला. बुर्गलनं शेवटचे पाहुणे उतरवून घेतले आणि लिफ्ट बंद केली.

"चालू कर, आम्हाला खाली जायचंय," प्रांटल म्हणाला.

"या वाऱ्यात? दोरावर वाळत घातलेल्या पायजम्यासारखा फडफडशील. आत ये, दार लाव."

खालच्या स्टेशनावर लादिस्लाव होता, दर हिवाळ्यात स्लोव्हाकियाहून कामाला येणारा. त्याला तिनं फोन लावला. तो म्हणाला, "बर्फावरची गाडी निघतेय, पण वेळ लागेल. साहेबांना सांग, देखावा बघत बसा."

देखावा कुठला? खिडकीबाहेर पांढरा अंधार. स्टूल झांगर्लबाईंना मिळालं, प्रांटल उकिडवा बसला. बुर्गलनं थर्मासमधला चहा काढला. रोज भरून आणायची आणि रोज तसाच घरी न्यायची. दोघांनी कुडकुडत दोन-दोन कप रिचवले.

थोड्या वेळानं झांगर्लबाईंनी हळूच विचारलं, "इथे ते... कुठे आहे?"

"मागच्या झाडाआड."

"झाड दिसत नाहीये."

"तर मग तुम्हीपण कोणाला दिसणार नाही."

बुर्गलनं त्यांच्या कमरेला दोर बांधला, टोक स्वतःच्या मुठीत धरलं. "झालं की दोनदा ओढा. तीनदा ओढलंत तर पडलात असं समजेन आणि हा प्रांटल येईल." बाई गेल्या, दोर दोनदा ओढून परत आल्या, भुवयांवर बर्फ घेऊन. मग प्रांटल अंग चोरत उठला.

"मलाही बांध."

"किती घट्ट?"

"बुर्गल, लवकर!"

तो टोपी वाऱ्याला देऊन परतला. झांगर्लबाई शेगडीशी हात शेकत म्हणाल्या, "प्रांटलसाहेब, गच्चीचं नंतर बघू. आधी संडास." प्रांटल केसांतलं बर्फ झटकत राहिला, बुर्गलकडे बघेना.

वादळ निवळल्यावर काही दिवसांनी संडास आला तो हेलिकॉप्टरला लटकून. हिरवीगार केबिन आकाशात गरगर फिरत होती, दार उघडझाप करत होतं आणि अख्खं गाव माना वर करून बघत होतं. लादिस्लावनं छातीवर क्रॉसची खूण केली. केबिन खोपटीशेजारी टेकली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाटी लागली: फक्त पाहुण्यांसाठी.

बुर्गलनं पाटी वाचली, लिफ्ट थांबवली आणि स्की चढवून उताराच्या मध्यावरच्या हॉटेलाकडे निघून गेली. दोरावर माणसं लोंबकळत राहिली. चढ चढून परत आली तेव्हा प्रांटलचा फोन किंचाळत होता.

"कुठे होतीस?"

"संडासला. तुझी पाटी मोडायची कशी?"

दुपारी तेच. दुसऱ्या सकाळीही तेच. शेवटी एक हॅम्बुर्गचे गृहस्थ डायरेक्टरच्या टेबलावर दोन्ही मुठी आपटून आले. संध्याकाळपर्यंत पाटी उतरली, आणि केबिनची एक किल्ली बुर्गलच्या खिशात आली.

लादिस्लाव आणि त्याचे सोबती राहायचे हॉटेलच्या तळघरात, बूट वाळवायच्या खोलीला खेटून. त्यांच्या उशांनाही मोज्यांचा वास यायचा. एकदा तो म्हणाला, "बुर्गल, त्या बँकेच्या बाईंना एक दिवस आमच्या खोलीत कोंड ना."

"तळघरात वादळ कुठून आणू रे?"

"वादळाचं राहू दे. मोजे आमचे."

बुर्गल खो खो हसली. पुढच्या आठवड्यात गावात झांगर्लबाईंची गाडी दिसली, तेव्हा तिनं खरोखरच हात दाखवून ती थांबवली. बाईंनी काच थोडी खाली केली, तळघराचं सगळं ऐकून घेतलं, आणि आज अजिबात वेळ नाही म्हणाल्या.