बर्फ आहे असं समजा

लाकडाच्या ओल्या भुशाचा वास आला, की मला वर्ध्याच्या कॉलेजातली फिजिक्सची लॅबोरेटरी आठवते. पन्नासचं दशक होतं. बर्फ वितळायला किती उष्णता लागते, ते मोजायच्या प्रयोगासाठी नागपूरहून भुशात गुंडाळलेला बर्फ रेल्वेनं यायचा, पण मार्चच्या उन्हात टेबलावर पोचायचं ते नुसतं ओलं पोतं. प्राध्यापक म्हणायचे, "बर्फ आहे असं समजा." आम्ही समजायचो आणि पुस्तकातलं ऐंशी हे उत्तर प्रत्येकाचं बरोबर यायचं. वर्ष सरताना त्यांनी एकेकाला विचारलं, प्रॅक्टिकल कसं वाटलं? सगळे "चांगलं" म्हणत गेले. माझ्या शेजारी हिंगणीकडचा एक मुलगा होता, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. तो उठून म्हणाला, "सर, म्या बर्फच पाह्यला नाई अजून, मंग तो वितळला असं कसं लिवू?" प्राध्यापकांनी विचारलं, "उत्तर ऐंशी आलं ना? मग बस खाली." तो बसला, आणि पुढच्या वर्षी कॉलेजात दिसला नाही. परवा नातीनं घरच्या फ्रीजमधला खरा बर्फ घेऊन तोच प्रयोग केला. उत्तर बहात्तर आलं. तिनं ते माझ्यासमोर खोडलं आणि ऐंशी लिहिलं.