गांधीलमाशीसारखं फूल

तुम्ही कधी फुलाला घाबरून पळालात का? मी पळाले आहे! भूमच्या आमच्या शाळेत मास्तरांच्या खोलीत चहा उकळेपर्यंत एखादा किस्सा निघायचाच. वर्षानुवर्षं ते साठत गेले, पण या फुलाचे सगळ्यांत जास्त. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाचे हे.

*

ईट गावात एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. बांधावरच्या आंब्याच्या फांदीवर दहा-बारा गांधीलमाश्या दिसल्या. पिवळट, तपकिरी, मधे जांभळी चकाकी. मी ओरडत पळाले. मुलीची आजी कोंडाबाई पदर तोंडाला लावून हसली.

"अवं बाई, फुलं हायेत ती! झाडावर वाढतोय त्या बांद्याची. गांधीण चावली तर चुना लावत्यात, फुलाला काय लावायचं?"

*

सालीसकट तो बांदा घेऊन एसटीत चढले. शेजारचे पाव्हणे दचकून उठले.

"मोहोळ घिऊन चढलाव व्हय?"

मागचं बाकही रिकामं झालं. भूमपर्यंत मी ऐसपैस बसून आले!

*

शाळेच्या व्हरांड्यासमोरच्या लिंबाला तो बांधला. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तो मांडायचा, असं मी मनात धरलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "नाव कळलं तरच पाठवू." सायन्सचे देशपांडे सर लांबूनच म्हणाले, "बाई, किडे आहेत ते! तुम्ही मॅट्रिक, मी बी.एस्सी."

त्यांनी शिपायाकडून एक 'किडा' काढून आणवला, टाचणीनं कीटकांच्या पेटीत टोचला आणि खाली चिठ्ठीही लावली: गांधीलमाशी.

चार दिवसांनी पेटी उघडली. बाकीचे किडे होते तसेच. हा मात्र मान टाकून बसलेला.

मी हळूच विचारलं, "सर, किडे कोमेजतात का हो?"

खोलीत चहा सांडेपर्यंत हसू!

*

तरी नाव कळलंच नव्हतं. प्रदर्शनाला आठवडा उरला, तेव्हा हेडमास्तरांच्या ओळखीचे एक प्रोफेसर धाराशिवहून आले. भिंग लावून बराच वेळ बघत बसले.

"ऑर्किड आहे हे. व्हँडा. भल्याभल्यांना फसवतं! फूल आहे म्हणून कुणी ओळखलं?"

हेडमास्तरांनी छाती पुढे काढली. "आमच्या मॅट्रिक बाईंनी!"

प्रदर्शनाच्या कार्डावर फुलाचं नाव घातलं, आणि खाली माझंही. मला ते कार्ड नीट वाचता येईना, डोळे भरले होते.

देशपांडे सर मनाचे मोठे. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हरलो. आता भीती कसली? उद्या प्रार्थनेच्या आधी मुलांना मीच दाखवतो, एकेका फुलाला बोट लावून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी देशपांडे सर प्रार्थनेला उभे राहिले, ते बोटाला चुना लावून.