समुद्रावर जाणाऱ्या गाडीचं माप

तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची कुणी ठरवली, हे तुम्ही घरात कधी विचारलं आहे का?

मी नव्हतं विचारलं. मी त्यावर थेट पत्रकच लिहिलं होतं. चार पानी, दोन रंगांत. नांदेडला बसस्टँडवर उभं राहून हातोहात वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. एका बाईंनी मात्र तिथंच उभं राहून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "तुमच्या घरचा ओटा किती उंच हाय?" मी म्हणालो, बघून सांगतो. त्या बसमध्ये बसून गेल्या.

आमच्या घरात पत्रकं धान्यासारखी पोत्यांनी यायची. वडील छापखान्यात मशीनवर होते. एप्रिलमध्ये जयंती आणि ऑक्टोबरमध्ये मेळावे, हे आमचे दोन हंगाम. त्या दिवसांत वडिलांच्या बोटांची शाई जेवतानाही जायची नाही. मी वाचायला शिकलो तो 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. रविवारी वडील मला आणि माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या ताईला गोदावरीवर न्यायचे. गळाला लावायचा कणकेचा गोळा खराब छापलेल्या पत्रकात गुंडाळलेला असायचा. मी कागद वाचत बसायचो, ताई मला 'संपादक' म्हणत कणीक गळाला लावायची. मासे तिला मिळायचे. माझ्या वाट्याला विचार यायचे.

पुढे ताई नर्स झाली. पहिली नेमणूक कोकणात मिळाली, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तिथं ती सहा वर्षं राहिली आणि किनाऱ्यावर उभं राहून मासे धरायला शिकली. त्याला बारा फुटांची काठी लागते, दोन तुकड्यांत येते. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधायचं आणि गळ फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे टाकायचा. मग उभं राहायचं. तासन्‌तास. ताई म्हणते, वॉर्डात रात्रंदिवस लोक हाक मारत असतात, तिथं कुणी मारत नाही.

नंतर तिची बदली लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या दवाखान्यात झाली आणि तिने लातूरला दोन खोल्या घेतल्या. लातुरात समुद्र नाही. लातुरात नळाला पाणी येतं तो दिवस लोक लक्षात ठेवतात. पण ताई वर्षातून दोनदा रजा काढून, काठ्या कापडात गुंडाळून, एसटीने कोकणात जात राहिली.

"हे काय हाय, पडद्याचे रॉड का?" कंडक्टर विचारायचा.

"मासे धरायच्या काठ्या."

"लातूरहून?"

"हो. इथं मिळाले असते तर गेले नसते."

दोन वर्षांपूर्वी पेशंटला उचलताना तिचा उजवा खांदा गेला. हात आता कानाच्या वर जात नाही. गळ ती बाजूने फेकायला शिकली, डाव्या हाताच्या जोरावर. पण काठ्या, बर्फाची पेटी, वजनांचा डबा हे सगळं एसटीच्या टपावर चढवणं जमेना. मग आमचा एक मावसभाऊ सोबत जाऊ लागला. तो दुसऱ्या दिवशी कंटाळायचा, तिसऱ्या दिवशी घरी चल म्हणायचा आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगायचा, "ताईला जरा फिरवून आणलं." दोनदा असं झाल्यावर ताईने एक जुनी छोटी मालगाडी घेतली. मागे सात फुटांचा हौदा, पुढे दोन माणसांची जागा. आधी त्या गाडीतून घरोघर पाण्याचे जार पोचवले जायचे. बाजूला 'शुद्ध व थंड पाणी' असं लिहिलेलं होतं आणि ते पुसायला ताईला वेळ नव्हता, त्यामुळे पहिल्या महिन्यात तिला सिग्नलवर तीन जणांनी जार मागितले.

"मागे रॅक करून घ्यायचं," तिने मला फोनवर सांगितलं. "काठ्या एकीकडे, पेटी एकीकडे, सगळं माझ्या हाताला येईल असं. मला तिथं गेल्यावर कुणाला हाक मारावी लागू नये. एवढंच पाहिजे."

मी म्हणालो, मी येतो, वर्कशॉपमध्ये बाईमाणसाला गृहीत धरतात.

"ये," ती म्हणाली. "पण मध्ये बोलू नको."

मी लातूरला आलो तेव्हा माझ्या पिशवीत एका नव्या पत्रकाचं प्रूफ होतं. विषय होता, निर्णयात स्त्रियांचा वाटा.

औसा रोडवर एक वर्कशॉप आहे. तिथले उस्ताद साठीचे, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. जारचे स्टँड, भाजीचे गाडे, शेतीच्या ट्रॉल्या, सगळं त्यांच्या हातचं. त्यांची एक पद्धत आहे आणि लातुरात ती प्रसिद्ध आहे. लोखंडाचं माप ते टेपने घेतात, पण फळी किंवा कडी किती उंचीवर लावायची हे टेपला विचारत नाहीत. ते गिऱ्हाइकाला गाडीशी उभं करतात आणि म्हणतात, डोळे मिटा, हात जिथं आपोआप जाईल तिथं ठेवा. मग तिथं खडूची खूण करतात. त्यांनी बनवलेल्या गाड्यावर भाजीवाला अंधारातसुद्धा वजनं शोधू शकतो, असं म्हणतात.

ताईने बीपीच्या तक्त्याच्या मागे पेन्सिलने चित्र काढून आणलं होतं. दोन्ही बाजूंना काठ्यांच्या कड्या, जमिनीपासून पावणेचार फुटांवर. खाली सरकती पेटी. मागच्या उघडणाऱ्या फाळक्याला आतून वजनांचा कप्पा. तिने कागद उस्तादांना दिला. उस्तादांनी तो सरळ केला, बघितला आणि माझ्या हातात दिला.

"वाचून सांगा साहेब, माझा चष्मा असला."

मी वाचून सांगितलं. इथपर्यंत माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही.

"समुद्रावर जाता का तुम्ही?" उस्ताद मला म्हणाले.

"ही जाते," मी म्हणालो.

"हाव का. लई लांब हाय."

ताई म्हणाली, "उस्ताद, गाडी माझी आहे."

"हाव मॅडम, तुमचीच हाय," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी आतून खुर्ची आणून पत्र्याच्या सावलीत टाकली. खुर्ची पुसली. ताई बसली. उस्तादांच्या मनात आदरच होता, यात शंका नाही. पण खुर्ची गाडीपासून दहा पावलांवर होती आणि मध्ये ग्राइंडर चालू होता.

"पावणेचार फूट म्हणजे लई खाली येतंय साहेब," उस्ताद मला म्हणाले. "खाली पेटी कशी बसंल?"

मी विचार केला. माझ्या आयुष्यात मी एकही रॅक बनवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "वर घ्या थोडं. खाली जागा राहील."

"हेच म्हनून राहिलो मी. या, उभे राहा. डोळे मिटा."

मी गाडीशी उभा राहिलो, डोळे मिटले आणि हात वर केला. माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. ताईची चार फूट अकरा. उस्तादांनी खडू ओढला. मागून ताई काहीतरी म्हणाली, ते ग्राइंडरच्या आवाजात नीट आलं नाही. मी हात हलवून तिला सांगितलं, बस, होतंय व्यवस्थित. परत जाताना बसमध्ये प्रूफ तपासलं. चुका फार नव्हत्या.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा लातूरला आलो. ताईची रजा शुक्रवारपासून होती. गाडी तयार होती आणि खरं सांगायचं तर देखणी होती. गोल पाइप, एकही सांधा उठून दिसत नव्हता, कड्यांना आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलेलं, म्हणजे काठीला ओरखडा जाऊ नये. पेटी बोटाने ढकलली तरी सरकायची. उस्ताद हात पुसत बाजूला उभे होते. चांगलं काम झाल्यावर ते असंच उभे राहतात.

ताईने काठी उचलली आणि कडीकडे नेली. हात कानापर्यंत गेला आणि थांबला. कडी अजून वीतभर वर होती. तिने डावा हात लावला, टाचा उचलल्या. काठीचं टोक कडीला लागलं आणि खाली घसरलं. तिने परत केलं. तिसऱ्यांदा तिचं तोंड आवळलं गेलं, तेव्हा खांदा दुखला असणार.

"स्टूल ठेवा ना मॅडम एक गाडीत," उस्ताद म्हणाले. "प्लॅस्टिकचं, हलकं."

"वाळूत स्टूल बसत नाही उस्ताद," ती म्हणाली. "एक पाय आत जातो."

मग मी बोललो. मला वाटलं मी मोठ्या मनाने बोलतोय. "ताई, मी येतो सोबत. सुट्टी टाकतो. काठ्या मी काढून देईन."

ताईने काठी हौद्यात आडवी ठेवली. "येशील रे. आणि दिवाळीनंतर जाईन तेव्हा?"

"तेव्हाही येईन."

"आणि घरी काय सांगशील, संपादक? ताईला फिरवून आणलं?"

 उस्तादांना हा संवाद कळला नाही, पण कामात खोट निघतेय एवढं कळलं आणि ते त्यांना सहन होईना.

"माप चुकलेलं न्हाई," ते जरा आवाज चढवून म्हणाले. "साहेबांचा हात घेतलाय, बराबर तिथंच कडी हाय. साहेब, लावा हात."

मी हात लावला. बरोबर तिथंच होती.

"पन मॅडम, तुम्ही तर हितंच होता की," उस्ताद म्हणाले. "बोलला का न्हाई?"

"बोलले," ताई म्हणाली. "दोनदा. एकदा तुम्ही खुर्ची दिली. एकदा ह्यानं हात हलवला."

ग्राइंडर त्या दिवशी बंद होता. त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू आलं.

मी म्हणालो, "उस्ताद, चूक माझी आहे. तिने पावणेचार लिहिलं होतं. वर घ्या असं मी म्हणालो."

"तुम्ही म्हनलात आन मी ऐकलं," उस्ताद म्हणाले. चष्मा काढला, पुसला, तारेची काडी कानावर नीट बसवली. "चाळीस वर्सं झाली. ज्याची गाडी त्याचा हात, असं मीच समद्यांना सांगतो." मग ते ताईकडे वळले. "या मॅडम. उभ्या राहा. जिथं आपोआप जाईल तिथं."

ताई गाडीशी उभी राहिली. डोळे मिटले. हात छातीच्या जरा वर, हौद्याच्या काठापासून थोड्याच अंतरावर गेला. उस्तादांनी टेप लावला, जो ते एरवी उंचीला लावत नाहीत. पावणेचार फूट, सुताचा फरक नाही. त्यांनी कागद मागितला, तो माझ्याकडे होता, मी दिला, त्यांनी तो ताईला दिला आणि म्हणाले, "आता पेटीचं सांगा."

"पेटी आडवी नाही, उभी टाकायची," ताई म्हणाली. "मग कड्या खाली आल्या तरी बसते. चित्रात तसंच आहे."

चित्रात तसंच होतं. मीच ते आडवं वाचलं होतं.

सांधे कापून पुन्हा जोडायला संध्याकाळ झाली. ताई पूर्ण वेळ गाडीजवळ उभी होती. खुर्चीत मी बसलो होतो. उस्तादांनी मला एकदाही काही विचारलं नाही आणि मला दोनदा उत्तर येत होतं, तेही चुकीचं, हे नंतर कळलं. शेवटी ताईने एकेक करून चारही काठ्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. खांदा जागचा हलला नाही. उस्ताद मान हलवत म्हणाले, "खाली घेतल्यानं गाडी वळनावर डोलनार पन न्हाई. हे माझ्या ध्यानात याया पाहिजे व्हतं."

शुक्रवारी सकाळी ती एकटी गेली. मंगळवारी परत आली, नाक भाजलेलं, आवाज बसलेला. मी सामान उतरवायला पुढे झालो तर तिने आधीच निम्मं उतरवलं होतं. चार दिवसांत दोन मासे मिळाले म्हणाली, त्यातला एक सोडून दिला.

"कुणाला हाक मारावी लागली?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि गाडी धुवायला बादली घेऊन आली.

निर्णयातल्या वाट्याचं ते पत्रक मी छापलं नाही. त्यात चुका नव्हत्या, पण ते सगळं दुसऱ्या माणसांबद्दल होतं. त्याऐवजी हे लिहिलं आणि यात एकच विनंती आहे, बंधूंना. या आठवड्यात तुम्ही बहिणीबरोबर, बायकोबरोबर, आईबरोबर कुठं तरी जाल: सुताराकडे, शिंप्याकडे, बँकेत, डॉक्टरकडे. काम तिचं असेल आणि समोरचा माणूस तुमच्याकडे बघून विचारेल. तेव्हा उत्तर देऊ नका. उत्तर येत असलं तरी देऊ नका. "तिला विचारा" एवढं म्हणा, दोन पावलं मागे सरका, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तिथंच गप्प उभे राहा.