गोधडीचं पोट

पौषात बेंगळुरूच्या शिवाजीनगरवर सकाळी जे उतरतं त्याला धुकं म्हणायचं, पण त्यात निम्मा धूरच. बसस्टँडचं डिझेल, कबाबवाल्याच्या शेगडीतली कालची राख, आणि हाडात शिरणारी थंडी. अशा सकाळी सोयराबाई गच्चीवर बसून गोधड्यांसाठी चिंध्यांचं पोतं उपसत होती. होजियरी एकीकडं, सुती एकीकडं. नायलॉन हाताला लागलं की एक शिवी द्यायची आणि पाठीमागं भिरकावायचं.

पोतं ओलं होतं. ती उठून कठड्याशी गेली.

"शिवाप्पा! कापड दिलंस का इडलीचं पीठ? पिळलं तर बादली भरंल!"

खाली हातगाडीशी उभा असलेला चिंधीवाला शिवाप्पा कानडी मिसळलेल्या तोडक्या मराठीत म्हणाला, "स्वल्प ऊन दाखवा अक्का, सरी होते, ठीक होते."

"ऊन तुझ्या आज्ज्यानं धाडलंय व्हय आज?"

तिच्या सासरचे लोक शिंपी. मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवत शिवत इकडं आले, फौज परत गेली, हे राहिले. घरातली मराठी इथल्या पाण्यात इतकी भिजली की पुण्याकडच्या माणसाला ती ऐकून हसू येतं. तंबू संपले, अंगरखे संपले, मग घरातल्या पुरुषांनी गारमेंट फॅक्टऱ्या धरल्या. सोयराबाईचा नवरा फत्तेसिंग असाच एका एक्स्पोर्ट फॅक्टरीत कटिंग मास्टर. कापडाच्या थरांवरून मशीन फिरवायची आणि उडणारी बारीक लव नाकातोंडात घ्यायची, हे त्याचं आयुष्य. परदेशी कंपनीची माणसं पाहणीला यायची त्या दिवशी सगळ्यांना नाकाला बांधायच्या पट्ट्या मिळत. माणसं गेली की संध्याकाळी त्या मोजून परत घेत. पुढच्या पाहणीला लागतात म्हणून. फाटकावर मात्र पाटी होती, हिरव्या पानाचं चित्र असलेली.

"पानाला बी खोकला लागंल इथं," असं फत्तेसिंग म्हणायचा, आणि हसता हसता खोकायचा. पुढं पुढं नुसताच खोकायला लागला.

त्यानं वाया जाणाऱ्या तुकड्यांतून स्वतःला एक सदरा शिवला होता. एक बाही गडद निळी, दुसरी फिक्की. फिक्क्या बाहीवर इस्त्रीचा डाग. "एक बाही दिवसपाळीची, एक रातपाळीची," म्हणायचा. तो गेला तो त्याच सदऱ्यात.

त्यांच्यात अशी रीत आहे. गेलेल्या माणसाचं अंगावरचं कापड कुणाला देत नाहीत, जाळतही नाहीत. ते गोधडीच्या पोटात घालतात. वरचा पदर जित्या माणसांचा, पोट गेलेल्याचं. पोटात काय आहे ते विचारायचं नाही आणि सांगायचं तर मुळीच नाही. नाव काढलं की गेलेला माणूस अस्वस्थ होतो म्हणे. आणि शिवताना एक कोपरा बोटभर उघडा ठेवायचा, आतल्याला वारा लागावा म्हणून.

सोयराबाईनं फत्तेसिंगाची गोधडी तशीच शिवली. सदरा न कापता, न धुता, अखंड आत घातला. घामाचा, मशीनच्या तेलाचा, त्याच्या तपकिरीचा वास त्यात होता. टाके इतके बारीक घातले की पुढं तिच्या हातून तसे कधी पडले नाहीत. त्या उघड्या कोपऱ्याशी नाक नेऊन ती रोज झोपायची. विधवा बाईला आणखी काय राहतं?

मुग्धा तिच्याकडं पावसाळ्याच्या अखेरीस गोधडीचं काम शिकायला आली. पुण्याची पोर, येलहंक्यातल्या एका डिझाइनच्या संशोधन केंद्रात काम करणारी. फॅशननं पृथ्वीची किती नासाडी केली, शिवणारे हात कसे उपाशी राहिले, हे तिला खरंच टोचत होतं. नाटक नव्हतं ते. जमिनीवर मांडी घालून बसायची, सुईनं बोटं भोसकून घ्यायची, मिळेल ते खायची. आधी 'काकू' म्हणायची, मग गल्लीचं ऐकून 'अक्का' म्हणायला लागली. सोयराबाईला ती आवडली होती.

"अक्का, मला तुमची एखादी जुनी गोधडी हवीये. वापरलेली. ॲक्च्युअली नव्या सगळ्या होजियरीच्या आहेत ना, त्यात तुमचा खरा हात कळत नाही."

"जुनी एकच हाय."

"बघू?"

सोयराबाईनं ती काढली. दाखवायला नको होती, हे तिला त्या क्षणीच कळलं होतं. पण मुग्धानं टाक्यांवरून हात फिरवला आणि ती गप्पच झाली. असं गप्प होऊन आपल्या हाताकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाईमाणूस त्याला फसलं.

"देशात कुठंही असं काम मी पाहिलेलं नाही. अभ्यासाला न्यायला द्याल? तुमचं नाव लागेल."

"परत पायजे पण."

"अगदी परत! आत काय असतं हो हिच्या?"

सोयराबाईनं सुपारी कातरायला घेतली. "काय असतंय? जुनंपानं."

एवढंच ती बोलली. रीतीप्रमाणंच बोलली. मुग्धानंही रीतीप्रमाणंच ऐकलं, तिच्या शाळेत शिकवलेल्या रीतीप्रमाणं. जुनंपानं म्हणजे टाकाऊ, आणि टाकाऊतून नवं घडवायचं हाच तर त्यांचा अभ्यास.

संध्याकाळी मुलगी चंदना कामावरून आली. कपड्यांच्या शोरूममध्ये दिवसभर उभी राहून तिचे पाय सुजत. पलंगाकडं बघून म्हणाली, "अम्मा, अप्पांची गोधडी?"

"अभ्यासाला गेली."

"आयुष्यभर शाळेत गेले नाहीत अप्पा. आता धाडलंस होय?"

दोघी हसल्या. नंतर ते हसू सोयराबाईला फार जड गेलं.

संक्रांतीच्या आधी निरोप आला. इंदिरानगरात कार्यक्रम आहे, गाडी येईल. गाडी आली. काचेची इमारत, मातीच्या कुल्हडातून चहा, भिंतीवर जागोजागी पृथ्वीची चित्रं. सोयराबाईला आणि चंदनाला पहिल्या रांगेत बसवलं. समोर तिची गोधडी टांगलेली होती. सोयराबाईनं एकदा पाहिलं आणि चंदनाचा हात धरला.

"चपटी झाली गं."

"लांबून तसं दिसतंय."

"न्हाई. आत कोण न्हाई तिच्या."

स्टेजवर अभिमन्यू नावाचा केंद्रातला मोठा डिझायनर आला. अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत बोलला. या गोधडीचा एक कोपरा अपुरा राहिला होता, म्हणाला, जणू तिनंच आम्हाला आत बोलावलं. आम्ही तिथून उकललं, आणि आत काय सापडलं ते पाहा.

दिवे मंद झाले. एक उंच मुलगी चालत आली. तिच्या अंगात बिनबाह्यांचं जाकीट होतं. छातीवर गडद निळा खिसा, पाठीवर तिरकी फिक्की पट्टी. मुलगी वळली तशी पट्टीवरचा इस्त्रीचा डाग उजेडात आला. डागाभोवती सोनेरी दोऱ्यानं भरतकाम केलं होतं.

सोयराबाई बसल्या जागी ताठ झाली.

मग तिला वर बोलावलं. टाळ्या. मुग्धानं हाताला धरून नेलं, डोळ्यांत पाणी आणून माइक पुढं केला. "बोला ना अक्का. कसं वाटतंय?"

सोयराबाईनं जाकिटाकडं बोट केलं. रीत मोडत होती, पण मोडायला आता उरलं काय होतं?

"त्यो माझ्या नवऱ्याचा सदरा हाय. मरताना अंगात होता त्याच्या. काढा त्यो."

मुग्धाचा चेहरा उतरला. अभिमन्यूनं तिला विचारलं, तिनं कसंबसं सांगितलं. त्यानं माइक घेऊन हळू, भरल्या आवाजात लोकांना सांगितलं. शेवटचे दोन शब्द त्यानं गाळले.

सभागृह उभं राहिलं. बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी म्हणालं, हीच तर खरी कपड्याची गोष्ट. टाळ्या थांबेनात. सोयराबाई मधोमध उभी. फत्तेसिंगाला जिवंतपणी स्वतःच्या खोकल्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं, आणि आता या एवढ्या टाळ्या.

मागच्या खोलीत मुग्धा रडत होती. "काकू, तुम्ही सांगायला हवं होतंत."

ती पुन्हा 'काकू'वर आली होती.

"सांगायचं नसतंय ते."

"मला कसं कळणार मग?"

पोरीचं चूक म्हणावं तर तेही सोयराबाईला धड म्हणता येईना.

अभिमन्यू म्हणाला, जाकीट परदेशातल्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलंय, पण अम्माजींची इच्छा असेल तर हुबेहूब दुसरा सदरा शिवून देऊ, डागासकट.

"डाग बी?" चंदना म्हणाली. "आणि खोकला? तो कुठल्या धाग्यानं भरणार, सर?"

"गप गं." सोयराबाईनं हात पुढं केला. "आधी हिकडं द्या."

दाराशी उभ्या त्या उंच मुलीनं जाकीट उतरवून दिलं. सोयराबाईनं ते दोन्ही हातांनी चेहऱ्याशी नेलं. मग मान वर केली.

"धुतलंय?"

"रिठ्यानं, काकू," मुग्धा घाईनं म्हणाली. "कुठलंही केमिकल नाही. अगदी जपून."

रिठ्याचा वास छान होता. स्वच्छ. घाम नाही, तेल नाही, तपकीर नाही.

सोयराबाईनं जाकिटाची घडी घातली आणि त्याच मुलीच्या हातात परत दिली. "घाल बाई. आता कुणाचं बी हाय ते."

गोधडीचा रिकामा वरचा पदर तेवढा त्यांनी कागदी पिशवीत घालून दिला. पिशवीवर हिरवं पान छापलं होतं. गाडीत चंदना सगळ्यांना शिव्या देत होती. सोयराबाईनं वाटेत एकच वाक्य काढलं, "मी दाखवायलाच नको हुती." तेवढं खरं होतं.

सकाळी पुन्हा तेच धुकं. सोयराबाईनं गच्चीवर तो पदर पसरला, त्यावर शिवाप्पाच्या पोत्यातल्या सुकलेल्या होजियरीचा थर दिला, खाली जुनं चादरीचं कापड लावलं, आणि टाके घालायला बसली. टाके मोठे पडत होते. तिनं पडू दिले.

दुपारी चंदना जेवायला बोलवायला वर आली. गोधडी होत आली होती. तिनं चारी टोकं चाचपून पाहिली.

"अम्मा, कोपरा?"

"कशाला? आत कोण हाय वारा घ्यायला?"

सोयराबाईनं शेवटच्या कोपऱ्याला गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग उरलेलं पोतं पुढ्यात ओढलं. होजियरी एकीकडं, सुती एकीकडं.

"तू जेव जा," ती म्हणाली. "ह्यातलं निम्मं अजून ओलंच हाय. मेल्या शिवाप्पाला सांगितलं पायजे."