आधी माझ्यावरून ओवाळ

मी घर सोडलं त्या सकाळी आई दारातच उभी होती, पण माझ्यासाठी नव्हे. माझा थोरला भाऊ संपत त्याच सकाळी जामिनावर सुटून यायचा होता. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. मी बॅग खांद्याला लावून "येते गं" म्हटलं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "व्हय. जरा बाजूला सर, जीप आली वाटतं." मी सरले. जी सरले ती थेट शिरवळला येऊन थांबले.

गावाकडच्यांनो, महिनाभर तुमचे फोन येतायत. "सख्ख्या भावाला दारातनं लावून दिलंस व्हय गं रेखे?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिते. माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायकांनीही वाचावं, त्यांना हे सांगावं लागणार नाही म्हणा.

आमचं गाव इस्लामपूरच्या जवळ, घरचा ऊस. आप्पा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. संपतदादा पहिल्यांदा जेलात गेला तो यात्रेतल्या मारामारीपायी. तेव्हा दोन दिवस घरात चूल पेटली नाही. दुसऱ्यांदा विहिरीवरच्या मोटारी चोरून आतली तांब्याची तार विकली म्हणून गेला, तेव्हा चूल वेळेवर पेटली. तिसऱ्यांदा आईने भेटीला न्यायचे लाडू आदल्या दिवशीच वळून ठेवले होते. दर वेळी तो सुटून आला की ती उंबऱ्यात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायांवर पाणी घालायची आणि म्हणायची, "आलास व्हय रं माझ्या लेकरा." आप्पा खरोखर सीमेवरून सुट्टीला यायचे तेव्हाही एवढा थाट नसायचा. आप्पांचं एकच वाक्य, "पोरगं हाय, चुकतंय."

तिसऱ्या खेपेची तार त्याने माझ्या स्कूटीवरून नेली होती. मी तिच्यावर कॉलेजला जायचे. गाडी माझ्या नावावर, म्हणून पोलिसांनी मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकड्यावर बसवलं. माझं लग्न ठरलेलं होतं. नवऱ्यामुलाचा मामा नेमका कसल्याशा कामाला ठाण्यात आला, त्याने मला बघितलं आणि न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी नकाराचा निरोप आला. मी ठाण्यातून घरी आले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "संपाला जेवाय दिलं का गं तितं?" मी रडायला लागले तर म्हणाली, "तू शाणी हायस. तू समजून घे." शहाण्या माणसाला घरात जेवायलाही शेवटी वाढतात, हे मला तेव्हा कळलं. आणि तुम्ही, ज्यांच्या मोटारी गेल्या होत्या, तुम्ही मला पाणवठ्यावर "चोराची भण" म्हणालात. दादाला कुणी तोंडावर काही म्हणाल्याचं आठवत नाही.

त्याच खेपेला तो जामिनावर सुटला त्या सकाळी मी निघाले आणि शिरवळला औषधाच्या कंपनीत पॅकिंगच्या लाइनीवर लागले. चार मुली एका खोलीत, शिफ्ट पाळीपाळीने, कँटीनचा भात गार. पण इथे मला कुणी कुणाची बहीण म्हणून ओळखत नव्हतं. आयकार्डावर फक्त माझं नाव होतं. पहिले काही दिवस मी ते सुट्टीच्या दिवशीही गळ्यात घालून फिरायचे, लोक हसायचे. पुढे लाइन सुपरवायझर झाले, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. दिवाळीला गावी जायचे आणि दोन दिवसांत परतायचे. आप्पा गेले तेव्हा दादा चौथ्यांदा आत होता. अग्नी मी दिला. तुम्ही तेव्हा माना खाली घालून उभे होतात. आई एकटी राहिली, तिला मी शिरवळला घेऊन आले.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी भाकरीचा खरपूस वास आला. आईचे गुडघे गेलेत, इथे आल्यापासून ती पोळ्याच करायची, भाकरी थापत नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले तर तिने तांब्या भरून ठेवलेला, नवं लुगडं नेसलेलं. मी काय ते समजले.

"संपा सुटलाय," ती म्हणाली. "हायवेवर उतरलाय. त्याला कोन हाय दुसरं?"

"माझ्या घरात तो येणार नाही."

"मग मी बी न्हाई ऱ्हायची."

"राहू नको," मी म्हणाले. तोंडातून गेलेला शब्द मी मागे घेतला नाही.

इतक्यात जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं. दादा खालच्या वळणावर उभा होता. दाढी पिकलेली, हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तो हसून म्हणाला, "रेखे, च्या तरी पाज." जणू मधे काही घडलंच नव्हतं. त्या हसण्याने माझं वाईट वाटणं संपलं.

आई तांब्या आणि तुकडा घेऊन उंबऱ्यात आली. मी चपला न घालता बाहेर गेले, तिच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, "आधी माझ्यावरून ओवाळ. मी गेले त्या दिवसापासून तू मला घरात घेतलेलं नाहीस."

"त्या दिशी तू कवा गेलीस," आई पुटपुटली, "मला कळलंच न्हाई गं."

"म्हणूनच म्हणते."

मग तिचा हात उचलला गेला. माझ्या तोंडावरून तीनदा तुकडा फिरवून तिने तो जिन्यात टाकला, तो दादाच्या पायाशी पडला. माझ्या पायांवर पाणी घातलं. पाणी गार होतं. "आलीस व्हय गं माझ्या लेकरा," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी उंबरा ओलांडला, तिला दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं. कडी घालताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दादाने दोनदा बेल वाजवली, मग पावलं खाली गेली.

आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "शिफ्ट किती वाजता हाय?" आणि डबा करून दिला.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, ज्या दाराची कडी माझ्या हाताला लागते ते घर. गावातल्या त्या घराची कडी कधीच माझी नव्हती.

राहता राहिला दादा. त्या दिवशी हायवेकडच्या खिडकीतून मी त्याला कोल्हापूरच्या एसटीत चढताना बघितलं. म्हणजे इस्लामपूरजवळच्या पेठ नाक्याला उतरून तो तुमच्याकडेच आला असणार. तुम्हाला त्याची एवढी दया येते ना? मग त्याच्यावरून तुकडा तुम्ही ओवाळा, त्याला चहा पाजा, अंथरूण घाला. आणि सकाळी उठून विहिरीवर एक चक्कर मारा.