खंडेनवमीला मांडलेले कॉम्प्युटर

दोन हजार सालच्या सुमारास गल्लीत सगळ्यांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि मी जुने गोळा करायला लागलो. जाड कीबोर्डसारखे दिसणारे, टीव्हीला जोडून कॅसेटवरून गेम चालवायचे, ते. जयसिंगपूरच्या भंगारवाल्याकडून एकेक उचलून आणायचो. पण त्यांना कुणी भंगार म्हटलं की माझं डोकंच फिरायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी असते. एका वर्षी मी विळी-कोयत्याशेजारी माझे कॉम्प्युटरही ओळीनं मांडले. बायको हळदकुंकू घेऊन आली आणि थबकली.

"पूजा कामाच्या हत्यारांची असत्या. ह्यातलं चालतंय कंचं, दावा की."

मी तावातावानं एकेक टीव्हीला जोडत गेलो. एकावर नुसत्या मुंग्या दिसल्या, दुसऱ्यावर काळोख. तिसऱ्यातून जळका वास आला, तेव्हा तिनंच बटण बंद केलं.

"वर्षभर मर मर मरून दुरुस्त करतोय मी!" मी ओरडलो.

"व्हय, दिसतंय की."

तिनं माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, त्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि विळीशेजारी ठेवला.

"राबतोय त्यो ह्योच एकटा. आज त्याला सुट्टी."